इंग्रजी आठ

पुस्तिकेत लिहिलंय : यंत्र हातात धरून
हवेत आठ काढा. सावकाश. तीनदा.
मी मराठी आठ काढला.
तो मिटतच नाही. वरून घसरतो
आणि वाळवणाच्या दोरीसारखा
एका टोकाला सुटून राहतो.
पडद्यावर आलं : पुन्हा करा.

धुर्वे सर तंबाखू थुंकून आले.
"इंग्रजीतला काढा मॅडम.
निघाला तिथंच परत आला पाहिजे.
उताणा, पालथा, कुशीवर,
पोळी भाजता ना, तसा सगळ्या बाजूंनी.
त्याले समजू द्या,
तुमचं किती अन् जमिनीचं किती."

त्याआधीच्या रविवारी मी एक शहाणपणा केला होता.
नवं यंत्र घेऊन झिरो माइलला गेले.
म्हटलं, सगळ्या गावांची अंतरं जिथून मोजली
तिथं तरी दिशा सरळ असेल.
खांबाला पाठ लावली, घोड्यांकडे बघितलं,
आणि बाण सदरकडे जायचा सोडून
बर्डीकडे वळला. मग परत. मग भलतीकडेच.
डोक्यावरून मेट्रो गेली,
पलीकडे सळ्यांचा ट्रक उभा होता.
चहावाला म्हणाला, "काय शोधून राहिल्या ताई?"
"उत्तर."
"कशाचं?"
मला ती हवी होती, त्याला ते वाटलं.
मी चहा घेतला आणि घरी आले.

आता गोरेवाड्याच्या मागं, सकाळचे साडेसहा,
मे महिना, आत्ताच कपाळ तापलेलं.
धुर्वे सरांनी जमिनीवर टॉवेल अंथरला :
"लोखंड काढा."
किल्ल्या. बॅटरी. पट्ट्याचं बक्कल.
मोबाइलच्या कव्हरचं ते चुंबक,
टप्पकन मिटणारं, ज्याचं मला भारी कौतुक होतं.
छत्री. (छत्री कशाला आणली, सरांनी विचारलं नाही.)
टॉवेलवर माझा छोटासा बाजार मांडला गेला.
पंधरा पावलं दूर जाऊन
पुन्हा आठ. पुन्हा आठ. मनगट दुखेपर्यंत.
रस्त्यानं दूधवाला चालला होता,
त्याला वाटलं असेल मी कुणाला तरी ओवाळते आहे.

झालं, असं वाटून
यंत्र काळ्या खडकावर ठेवलं
तर उत्तर अकरा अंश सरकली.
"खडकावर नका ठेवू," सर म्हणाले,
"त्याची त्याची उत्तर हाय त्याच्यात."
लाव्हा निवताना
जी दिशा तेव्हा उत्तर होती
तिच्याकडे तोंड करून हा दगड थिजला.
नंतर पृथ्वीनं मन बदललं.
त्याला कुणी कळवलं नाही.
मी त्याच्यावर डबा ठेवला, यंत्र उचललं,
छातीपाशी आडवं धरलं,
काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसं.

एक गोष्ट या गावाची मला आवडली.
नकाशाची उत्तर आणि चुंबकाची उत्तर
इथं जवळजवळ एकच. अंशभरही फरक नाही.
बाकी ठिकाणी म्हणे वजाबाकी करावी लागते.

आमची रेघ : एकशे चाळीस अंश, दोन किलोमीटर.
दिसेल ते मोजायचं. नीलगाय, मोर, लेंड्या.
यंत्र डोळ्यापाशी नेलं : एकशे सदतीस.
खाली आणलं : एकशे चाळीस.
पुन्हा वर : एकशे सदतीस.
सर माझ्याकडे बघत राहिले, मग कानामागे बोट दाखवलं.
"पिन."

आईनं बारशाला चालली म्हणून लावून दिलेली,
मग सवयीनं राहिलेली, साधी काळी पिन.
दोन किलोमीटरवर तीन अंश म्हणजे
शंभरेक मीटर बाजूला पोचले असते,
भलत्याच झाडाखाली
भलतेच मोर मोजत.

पिन सरांच्या टॉवेलात गेली.
केस सुतळीनं बांधले.
समोर बोराटीचं जाळं होतं, बाजूनं छान पायवाट होती.
एकशे चाळीस बोराटीतून जात होते.
ओढणी कमरेला खोचली
आणि बोराटीत शिरले.