मीटरची पेटी

मार्चअखेर. दुपारचे अडीच.
लोकमान्य नगरात रीडिंग घ्यायला आलेला तो,
गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलेलं,
म्हणाला, "भाभीजी, ढक्कन जाम है."
मी म्हटलं, "जोर से खींचो, भैया."

त्यानं जोर लावला,
आणि गांधीलमाश्यांनी
आमच्या कुठल्याच बिलात न आलेलं
आपलं घर राखलं.

"आई गं!"

इंदूरात बत्तीस वर्षं काढली की
माणूस हिंदीत हसतो, हिंदीत भांडतो,
दोडक्यांचा भावही हिंदीतच पाडतो.
डंखाला मात्र भाषांतराइतका धीर नसतो.

"अहो, मराठी तुम्ही?" म्हणत
आधी आत ओढला, दार लावलं.
मनगट नळाखाली. साबण.
बर्फ, पण पंच्यात गुंडाळून.
समोरच्या गेंदाबाई धावत आल्या
कुलपाची किल्ली घेऊन: "लोहा रगडो, लोहा!"
वरच्या ढोबळ्यांनी दोरीनं खाली सोडली
चुन्याची डबी.
ती मी तशीच वर पाठवली, कातडं सोलतं त्यानं.

"काटा राहिलाय का बघा ना," तो म्हणाला.
नाही हो. मधमाशी ठेवून जाते काटा.
हिच्यात उपसायला काही नसतं,
नुसतं ठणकतं.

मग माझ्या आईचा कांदा.
गुण येतो की नाही, देव जाणे,
पण चिरताना दोघांच्या डोळ्यांना धार लागते
आणि कशाची, ते कुणी विचारत नाही.

"आता बोलत राहा," मी दटावलं,
"ओठ जड झाले, श्वास अडला,
तर रिक्षा, आणि थेट एमवाय."

तो बोलत राहिला.
नाव शशांक टेंभेकर. आजोळ बऱ्हाणपूर.
बायको रतलामची, पोराला मराठीतलं
एक 'आजी' तेवढं येतं.
"आई जाऊन सहा साल झाले,
तेव्हापासून... म्हणजे घरात कुणाशी..."
'साल' मी दुरुस्त केलं नाही.
सूज मनगटावरून कोपराकडे निघाली होती,
श्वास साफ होता,
आणि चहा दुसऱ्यांदा उकळत होता.

जाताना पेटीकडे न बघता म्हणाला,
"येतो हं."
आमच्या गल्लीत कुणी 'येतो' म्हणून जाऊन
किती दिवस झाले होते.

बिल आलं, सरासरीचं.
खाली शेरा: मीटर तक पहुँच नहीं.