मेज

डिचोलीच्या स्टँडमागे, झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली
मी अर्ज लिहितो. पानाला तीस रुपये.
रडत सांगितलं तर वेळ जास्त लागतो,
दर तोच.

कुलास्त न रडता आली.
एस्कोलास्तिका मिनेझिस, मयेची;
फेस्तांत आणि जत्रांत खाजें विकते.
हाताला आल्याचा वास,
नोटांनाही.

नार्व्याची अष्टमी आटोपल्यावर तिने
भरणा मशीनच्या तोंडात पाचशेच्या एकोणपन्नास नोटा ठेवल्या.
मशीनने खडखडून मोजल्या: सदतीस.
पावतीवर सदतीस, पडद्यावर 'धन्यवाद'.
बारा नोटा कुठल्या अंधारात उतरल्या
ते मशीनला विचारायची सोय नव्हती.
शाखेतले साहेब म्हणाले, यंत्र चुकत नाही, मावशी,
आल्यागुळाच्या हातांनी तुम्हीच चुकला असाल.

मी कागद ओढला, सवयीने सुरुवात केली:
'सविनय विनंती अर्ज. आपली कृपाभिलाषी...'
तिला देवनागरी लागत नाही, म्हणून वाचून दाखवलं.
तिने हात आडवा धरला.
"विनंती कित्याक? कुर्पा देवालागीं मागतां हांव.
तूं बरय: म्हजे पयशे मेज."

मराठीत मेज म्हणजे टेबल.
तिच्या कोकणीत मेज म्हणजे मोज.
पुढचे पाच महिने मी या दोन अर्थांच्या
मधल्या फटीत बसून होतो.

शाखेचं मेज: 'व्यवहार यशस्वी झाल्याचे दिसते.'
पणजीचं मेज, काचेखाली कुणाच्या तरी मुलीचा फोटो,
वर आमचा अर्ज, अर्जावर चहाचा कप:
'पुढील कार्यवाहीसाठी पाठवले.'
नोडल अधिकाऱ्याचं मेज कुणी पाहिलेलं नाही.
तिथून मोबाइलवर एक ओळ आली,
'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'
मी लहानपणी निकाली कुस्त्या पाहिल्यात.
त्यात निदान दोघे आखाड्यात उतरतात,
एकाची तरी पाठ मातीला लागते.

पहिल्या अर्जाची पोच घेतली होती, एवढं माझं शहाणपण.
पोचेच्या तारखेपासून तीस दिवस.
हरवलेलं शोधून देणाऱ्या सांत आंतोनच्या तसबिरीपुढे
तिने रोज एक चणा ठेवला.
उत्तर अठ्ठाविसाव्या चण्यालाच आलं होतं,
पण ती म्हणाली, तीस म्हणजे तीस.

एकतिसाव्या दिवशी लोकपालांना लिहिलं.
पाकिटावर चंदीगढ.
"म्हजे पयशे दिचोलेंत, आनी मेजपी चंदीगडांत?"
मी तिकीट चिकटवत राहिलो.
माझ्याकडेही याचं उत्तर नव्हतं.

मग काजूला मोहोर आला, गळला, बोंडं धरली.
आणि बँकेला गेलेल्या नोटिशीची प्रत आली.
कुलास्तला कधीही न पाहिलेल्या कुणीतरी
तीनच गोष्टी विचारल्या होत्या:
त्या संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा किती निघाले?
नाकारलेल्या नोटांचा कप्पा कुणी तपासला?
सही कुणाची?
मी दोनदा वाचलं.
तिचंच वाक्य होतं,
कोट घालून आलेलं.

बारा नोटा त्या कप्प्यातच होत्या.
आणि मोजल्या होत्या हो, त्याच संध्याकाळी, नीट,
कुणा शिरोडकराच्या सहीने,
आणि बेवारस म्हणून एका संकीर्ण खात्यात
नेऊन निजवल्या होत्या.
किती, ते कळलं होतं त्यांना.
कुणाच्या, ते विचारायला कुणी मेजावरून उठलं नाही.

सहा हजार आले, मनस्तापाचे म्हणून वर दीड हजार.
"मनस्तापाचे कोणें मेजले?" तिने विचारलं.
पत्रात ते नव्हतं.

शनिवारी माझे थकलेले पैसे घेऊन आली,
सात पानांचे, चुरगळलेल्या नोटा, आल्याचा वास.
"मेज," म्हणाली.
मी तिच्यासमोर मोजले. दहा कमी होते.
मी तसं सांगितलं.
तिने पिशवीत हात घातला,
खाज्याची पुडी माझ्या टेबलावर ठेवली
आणि मयेच्या बसकडे चालू लागली.

तक्रार जागच्या जागी निकाली.
पोच मात्र दिली नाही मी.
तोंड भरलेलं होतं.