रात्रीचा फीडर

शनिवारी जमीन कोरडी होती, टणक, डिसेंबरची.
फेटरीच्या पुढे ठवकरांची संत्र्याची बाग,
बागेच्या कडेने चुन्याची रेघ,
दोन फळ्या आडव्या, गुडघ्याएवढ्या,
आणि नाल्याचा चढ, जिथे उतरायचं,
सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं.
आम्ही चौघे: मडावी, हेडाऊ, नाझनीन आणि मी.
वयांची बेरीज एकशे एकोणसाठ,
त्यातली एक्कावन्न माझी.

शनिवारी मी चौतिसांत अठ्ठाविसावा आलो.
घरी फोनवर सांगितलं, बरा आलो.

रात्री साडेबाराला फेटरीच्या शेतात वीज आली.
ठवकरांच्या गड्यानं मोटर चालू केली,
एक बारं फिरवलं, दुसरं फिरवलं,
शेकोटीपाशी टेकला
आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

रविवारी पोचलो तर रेघ नव्हती.
चुना पाण्यात गेला होता.
वर आली होती कन्हार, काळी, चकाकती,
नुकत्याच धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखी.
मडावीनं पाय टाकून पाहिला.
पाय परत आला, बूट नाही आला.
मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी महावितरणात आहे.
कुठल्या गावच्या मोटारींना किती वाजता वीज,
त्या कागदाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात,
माझी सही असते.
"वा भाऊ," हेडाऊ म्हणाली,
"सही करून चिखल वाटून राहिले लोकाले."

शिट्टी झाली.
पहिल्याच वळणावर सहा जण आडवे.
सातवा मी.

नऊ किलोची सायकल
(घरी सांगितलेली किंमत वेगळी)
तिसऱ्या फेरीला पंधरा किलोची झाली.
चाक आणि दांडीच्या मध्ये माती, मातीत गवत,
गवतात एक सडकं संत्रं.
बोटानं काढतो, चार हात जातो,
पुन्हा बोटानं काढतो.
नाझनीन एक अख्खी फेरी पुढे काढून गेली, जाताना ओरडली,
"श्वास घ्या, सर, श्वास!"
जणू तो मी घरी विसरून आलो होतो.

नाल्याच्या चढावर गडी उभा होता.
खांद्यावर फावडं,
पोटरीपर्यंत तीच माती जी माझ्या पोटरीपर्यंत.
माझ्याकडे बघून हसला नाही.
म्हणाला, "मधातून नका जाऊ जी.
झाडाच्या बुडापाशी पाय ठेवा,
तिथं मुळ्या धरतेत."

धरलं मुळ्यांनी.
एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत,
खांद्यावर सायकल, चार जण मागे टाकले,
ते मधातून जात होते.
अंधारात हे कसं जमतं, हे त्याला विचारायचं होतं.
पण शर्यत होती.

शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा
हेडाऊच्या गिअरचा तुकडा तिच्या हातात होता.
उरलेली फेरी ती पळाली,
सायकल कधी या खांद्यावर, कधी त्या.
पाचवी आली असती, तेरावी आली.
रेषेपलीकडे जाऊन ओणवी झाली,
आम्हाला वाटलं रडते आहे.
ती चिखलातून तो बारका स्क्रू शोधत होती.

सायकली धुवायला मोटारीच्या पाइपाकडे गेलो.
पाइपातून एक उचकी आली, मग काही नाही.
साडेआठ.
वीज वेळेवर गेली होती, सेकंदाचाही उशीर नाही.
मडावी म्हणाला, "निदान याचं तरी कौतुक करा साहेबाचं."
आम्ही तसेच निघालो, गाडीत वर्तमानपत्रं अंथरून.
काटोल नाक्यावर पोहेवाल्यानं
तर्री जरा लांबूनच वाढली.

सोमवारी टेबलावर पुढच्या आठवड्याचा कागद.
फेटरी: रात्री साडेबारा ते सकाळी साडेआठ.
वेळ वरून येते, मी फक्त सही करतो,
हे मी पूर्वी बऱ्याच जणांना सांगितलं आहे.
उजवा खांदा वर होईना.
नखांत अजून काळं.
सही तिरकी उतरली, ओळ सोडून खाली गेली.
साहेबांनी कागद उजेडाकडे धरला.
"ही तुमचीच ना?"
माझीच, मी म्हणालो.