सेट

नागदेवी स्ट्रीटला, बेअरिंगच्या आणि पट्ट्यांच्या दुकानांमधे
दोन हात रुंदीचं एक दुकान आहे.
छताला आडव्या काठ्या,
आणि खाली अंग चोरून बसलेले मुर्तझाभाई.

मी म्हटलं, सेट दाखवा. रॉड आणि रीळ, जुळलेला.
तो बाहेर टांगलाय तसा, लाल-काळा, साडेबावीसशेचा.

ते म्हणाले, त्याचा रंग जुळलाय फक्त.

कोण धरणार?
वडील.
कुठे?
शिवडीला, जेट्टीवर.
काय लागतं तिथे?
शिंगाळा. कधी काळुंदर. एकदा जिताडा,
जो दरवर्षी अर्धा किलो वाढतो.

हसले नाहीत. वाट बघत राहिले.
मग खरं ते सांगावं लागलं:
दादांनी जन्मात काठी धरलेली नाही.
गोदीत वेल्डर. सुट्टीच्या दिवशी बाटलीला गुंडाळलेला दोरा,
टोकाला शिसं, गळाला कोळंबी,
आणि दोरा तर्जनीवर असा टाकलेला
की कुणाची तरी नाडी बघतायत.
काठीवाल्यांना ते म्हणायचे, छत्रीवाले.

फेब्रुवारीत उजवी बाजू गेली.
आता बाटली धरायला एक हात आहे,
दोरा ओढायला दुसरा नाही.
व्यायामाच्या बाई पिवळा चेंडू देऊन गेल्यात दाबायला,
तो रोज खाटेखाली सापडतो.

मुर्तझाभाईंनी सात फुटी काढली, परत ठेवली,
साडेसहाची काढली.
पहिलं रीळ बसवलं: काठीने मागे शेपूट टाकलं.
दुसरं बसवलं: टोक खाली.
असं दिवसभर नाक वर धरायचं, म्हणाले,
तर संध्याकाळी मनगट भांडतं.
तिसरं बसवलं आणि रिळाच्या जरा पुढे
अख्खी काठी एका बोटावर ठेवली.
बाहेरून लोखंडी सळ्यांची हातगाडी गेली खडखडत.
काठी हलली,
थांबली,
आडवी राहिली.

मी विचारलं, आणि हँडल? ते तर डावीकडे आहे.
जोर कुठल्या हातात?
डाव्या.
मग काठी डाव्यात. जोर काठीला लागतो, बेटी,
रिळाला नुसती सवय लागते.
त्यांनी स्क्रू सोडवला, हँडल उपसलं,
आरपारच्या भोकातून उजवीकडे घातलं,
रिकाम्या बाजूला टोपण.
अर्धा मिनिट.
पाच महिने आम्ही डॉक्टरांकडे हेच मागत होतो,
स्क्रू कुठे असतो ते माहीत नव्हतं एवढंच.

सेटपेक्षा आठशे जास्त झाले.
दोर त्यांनी ओल्या फडक्यातून ओढत भरून दिला,
त्याचे पैसे घेतले नाहीत, की विसरले, कोण जाणे.

घरी दादा म्हणाले,
छत्री आणलीस.

चार दिवस ती दारामागे उभी.
रविवारी स्वतःच म्हणाले, गच्चीची चावी आण.
पाण्याच्या टाक्यांमधे, गळाऐवजी एक नट बांधून,
पहिली फेक कासकरांच्या डिश अँटेनावर.
दुसरी स्वतःच्या पायाशी.
तिसऱ्या वेळी नट कठड्यापर्यंत गेला
आणि दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

मग म्हणाले, जा, तिकडचं टोक धर. मासा हो.
कुठला होऊ?
शिंगाळा. फार अंग दाखवू नकोस.

मी नट मुठीत घेऊन ओढलं.
ब्रेक किरकिरला.
डावी तर्जनी आपसूक दोरावर गेली,
उजवा हात हँडलवरून निसटला, पुन्हा आला,
एक फेरा. दीड.
ओठाचा कोपरा थरथरत होता. मला राहवलं नाही,
मी दोन पावलं त्यांच्याकडे सरकले.

खोटं येऊ नकोस, दादा ओरडले,
इथे कळतं मला.

मग मी टाच पाइपाला टेकवली
आणि खरंच ओढलं.