फलालीन, दोन मीटर

वाळपईच्या बाजारात, खतांच्या दुकानावर,
जिन्याची आठवी पायरी हलते, ती चुकवून वर आलं
की आमची संस्था. म्हणजे एक टेबल, एक शीतपेटी,
आणि पावत्या फाडणारी मी.

माकडतापावर संशोधन, असं पाटीवर आहे.
पैसे येतात ते असे:
जत्रेतल्या चहावाल्याचे एकशे अकरा,
कुठल्याशा जहाजावरून एका तारवटीचे डॉलर,
फेस्ताच्या पेटीतली चिल्लर, जी मोजायला
मला दोन दुपारी लागल्या.
तिच्यात एक पोर्तुगीज नाणं निघालं, आता न चालणारं.
हिशेबात नाही. ड्रॉवरमध्ये आहे.

पाचवा रकाना 'कशासाठी'.
कुणी लिहितं, आईच्या आठवणीत.
कुणी घाईत नुसतं 'तापासाठी',
जसं काही तापालाच लग्नाचा आहेर.

एप्रिलात भागी झोरे आली.
बोंडूंचा वास तिच्या बोटांना, लुगड्याला.
म्हणाली, तुमची पोरं रानात पांढरा कपडा ओढत नेतात,
गोचीड धरायला. मी बघितलंय.
काट्यांनी चिंध्या झाल्यात त्याच्या.
हा घ्या. कोरा आहे.
नातवाच्या दुपट्यासाठी आणलेली फलालीन,
घडीवर दुकानाचा शिक्का तसाच.

रक्कम किती लिहू, विचारलं.
पैसे लिहू नको. कपडा लिही.
मी लिहिलं.
म्हापशाहून आलेल्या ऑडिटरनं त्याला
लाल वर्तुळ केलं, तेही तसंच आहे.

तीन काजूहंगाम चालली चाचणी.
रानात जायच्या आधी पायांना चोळायचं तेल:
अर्ध्या माणसांना खरं,
अर्ध्यांना नुसता तसाच वास.
कुणाला कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही,
डॉक्टर ओर्लांदालाही नाही;
यादी बंद पाकिटात, पाकीट पणजीत.

जूनमध्ये पाकीट फुटलं.
डॉक्टरीणबाईंनी आकडे दोनदा मांडले,
चष्मा पुसला, तिसऱ्यांदा मांडले.
फरक नाही.
मग मला म्हणाल्या, देणगीदारांना तू लिही,
तुझं अक्षर बरं आहे.

ब्याण्णव पत्रं.
'आपल्या पैशांतून कळलं की हे तेल चालत नाही.'
हे वाक्य अकरा वेळा खोडलं,
दुसरं कुठलंच खरं निघेना.
एकानं पैसे परत मागितले.
तारवटीनं पुढच्या महिन्याचे पाठवले,
सोबत एक अक्षर नाही.

भागीला वाचता येत नाही, म्हणून मी चढून गेले
धनगरवाड्यावर. म्हशी धुवत होती.
सगळं ऐकलं. म्हशीच्या पाठीवरचा हात थांबला नाही.
मग: माझा माणूस कुठल्या बाटलीत होता?

तिचा माणूस, क्रमांक सदुसष्ट,
दुसऱ्या हंगामात आठ दिवस तापला.
यादी माझ्या पिशवीतच होती.
खरं, मी म्हटलं. खरंच तेल होतं.

रोज पहाटे मीच चोळायची, ती म्हणाली.
घोट्यापासून वर. त्याला गुदगुल्या व्हायच्या.

खोटी बाटली असती तरी तेच झालं असतं,
हे मला सांगायचं होतं. म्हणजे मला वाटत होतं
की ते सांगावं. गोठ्यात फार अंधार होता.

ती आत गेली. बाटली घेऊन आली.
तळाशी बोटभर तेल, बुचाला सुतळी.
हे परत घ्या, संस्थेचं आहे.
आणि तो कपडा? फाटला?
अजून नाही.
बरं.

उतरताना तुकू गावस वाटेत भेटला,
मागं फलालीन सरपटत, पाचोळ्यातून.
माझ्या सलवारीकडे बघून थांबला.
दोन होते, तिळाएवढे.
त्यानं चिमट्यानं उचलले, कुपीत टाकले,
खिशातली पेन्सिल काढून
तारीख घातली, जागा घातली,
आणि मला विचारलं, भागीच्या वाड्याच्या
वरच्या बाजूला, की खालच्या?