गाडीचे बारा

रविवारी किल्ली फिरवली तर नुसतं टक् झालं.
पुन्हा टक्.
मग तेही नाही.

नाना पेठेतून तौसिफ आला,
स्कूटरवर पायांशी नवी बॅटरी, तिच्यावर रुमाल,
जणू कुणाचा डबा पोचवायला निघालाय.
काढताना आधी काळी वायर, मग लाल,
लावताना आधी लाल, मग काळी.
"आणि चुकलं तर?"
"चुकायचंच नाही ना, काका."
टर्मिनलवर हिरवट बुरशी धरली होती.
त्यानं माझ्याच स्वयंपाकघरातलं गरम पाणी मागितलं, सोडा घातलेलं.
फसफसलं तेव्हा लिफ्टपाशी उभे असलेले खोत म्हणाले,
"पित्त झालं होतं तिला."

जुनी बॅटरी वजनावर गेली. नऊशे रुपये वजा.
अकरा महिने जास्तच चालली, असं तौसिफ म्हणाला,
कौतुक तिचं की माझ्या चिक्कूपणाचं, कळलं नाही.

गाडी उठली,
पण दीर्घ आजारातून उठलेल्या माणसासारखी,
घरचेच तिला परके.
घड्याळात बारा, लुकलुकणारे.
चौदा पॉइंट दोनचं माझं ॲव्हरेज, चार वर्षांच्या संयमाची कमाई,
तिथे दोन आडव्या रेघा.
काच एका बोटात वर जायची, ती अर्ध्यावर थांबून
माझ्याकडे बघत राहिली.

"शिकवायला लागेल," तौसिफ म्हणाला.
काच पूर्ण वर न्यायची, बटण सोडायचं नाही,
पाच मोजायचे. तिला कळतं मग, इथे आपण संपतो.
आणि इंजिन दहा मिनिटं नुसतं चालू द्यायचं,
एसी नाही, दिवे नाहीत, पाय लांब,
तेवढ्यात ते आपला श्वास शोधून काढतं.
समोर भिंतीवर सोसायटीची पाटी:
दोन मिनिटांहून जास्त इंजिन चालू ठेवू नये.
धूर वर जातो. वर माणसे राहतात.
चौथ्या मिनिटाला पहिल्या मजल्याची खिडकी उघडली.
सातव्याला, न बोलता, आवाज करून बंद झाली.

राहिला रेडिओ. तो कोड मागत होता.
चार आकडे. माझ्याकडे कुठले?
गाडी सेकंडहँड, औंधच्या पेंढारकरबाईंची.
आरसी बुकच्या पाकिटात त्यांचा नंबर होता.
चार वर्षांनी फोन लावला, आधी नाव सांगितलं, मग गाडीचं.
"तीन, एक, सहा, दोन," त्या म्हणाल्या,
इतक्या पटकन, की मी लिहून घेतलं नाही, तरी विसरलो नाही.
मागून कुकरची शिट्टी झाली.
"घड्याळ सात मिनिटं पुढेच आहे ना अजून?"
समोर बारा लुकलुकत होते.
"हो," मी म्हणालो.
"बरं झालं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

ती सात मिनिटं कशासाठी, मी कधी विचारलं नव्हतं.
चार वर्षं वजा करत आलो.
तौसिफनं मोबाइल बघून बरोबर वेळ लावली, सेकंदासकट,
पैसे घेतले, रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

सोमवारी नळस्टॉपच्या सिग्नलला घड्याळाकडे पाहिलं,
सवयीनं सात काढले,
आणि निवांत झालो.
दातांच्या डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा
माझ्या खुर्चीत दुसराच कुणी आ करून बसला होता.

संध्याकाळी पार्किंगमध्ये, इंजिन बंद करून,
मिनिटांचं बटण सात वेळा दाबलं.
कुणाला सांगितलं नाही.

मागची डावी काच अजून अर्ध्यावरच अडते.
तिला रोज पाच मोजून दाखवतो.