तात्पुरतं

कुरेस्सारे, रात्रीचे अडीच. बंदर गोठलेलं.
लेएलो एका ओळीपाशी थांबते:
तपासणी बंद.
शेजारी हेल्दुरची टीप – "तात्पुरतं. सोमवारी बदलतो."
तो सोमवार सात वर्षांपूर्वीचा.

सात वर्षं हा प्रोग्रॅम
इस्पितळातले रक्ताचे रिपोर्ट
जो म्हणेल 'मीच तो'
त्याच्या हाती देत आला.

ती तपासणी चालू करते.
लगेच सगळं ठप्प.
सर्टिफिकेटची मुदत मार्चातच संपलेली,
वर नावही भलत्याचंच.

तालिनहून फोनवर जांभई: "चालत होतं की!"
"दार उघडं होतं म्हणून."

मग साखळी जुळवत बसते,
याला तो ओळखतो, त्याला आणखी कुणी,
शेवटी एक मूळ,
ज्याला जामीन कुणीच नाही.

पहाटे हिरवी खूण.
हेल्दुरची टीप ती पुसत नाही.
खाली लिहिते:
आज सोमवार.